"कबूल कर, दंड भर, मोकळा हो"

मी वकील नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. तरी आज चोरीच्या मालावर बोलतोय, कारण माझ्या मामेभावाच्या अपिलाचे कागद तीन वर्षं माझ्याच बॅगेत होते.

त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. ओळखीच्या गिऱ्हाइकाकडून त्याने जुना फोन विकत घेतला, बिल मागितलं नाही. तो फोन सात महिन्यांपूर्वी चोरीला गेलेला होता. कलम ४११ लागलं. आता तेच भारतीय न्याय संहितेत ३१७ आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

कोर्टात जो तो सांगायचा, "कबूल कर, दंड भर, मोकळा हो." मामूंनाही पटलं होतं. दुकान बंद ठेवून किती तारखा करणार? पण गुन्हा कबूल करून शिक्षा झाली, तर दोषी ठरवण्याविरुद्ध अपीलच उरत नाही. शिक्षा जास्त आहे किंवा बेकायदा आहे, एवढंच मांडता येतं. पासपोर्ट, नोकरी, सगळीकडे तो डाग सोबत येतो.

भाऊ अडून बसला. तरी सहा महिन्यांची शिक्षा झालीच.

सत्र न्यायालयात अपिलाला मुदत ३० दिवस. निकालाची प्रत आरोपीला फुकट मिळते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तो जामिनावर होता, म्हणून अपिलापर्यंत खालच्याच कोर्टाने त्याला बाहेर ठेवलं. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना, कोठडीतल्यांना आणि कमी उत्पन्नवाल्यांना तो हक्क १९८७च्या कायद्याने दिलाय.

मला वाटायचं, अपील म्हणजे खटला पुन्हा पहिल्यापासून. तसं नसतं. वरचं कोर्ट मुख्यतः खालच्या कोर्टात नोंदलं गेलेलंच वाचतं. आम्ही लोक बिघाड शोधताना लॉग वाचतो, तसंच. नोंद नसेल तर शोधणार काय?

आमची नोंद होती. पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीलाच प्रश्न विचारतात. तिथे बहुतेक जण "खोटं आहे" म्हणून मोकळे होतात. भावाने फोन कुणाकडून, कधी, किती रुपयांना घेतला, सगळं सांगितलं होतं. खालच्या निकालात त्यावर एक ओळ नव्हती.

चोरीनंतर लगेच माल सापडला आणि खुलासा नसेल, तर कोर्ट आरोपीविरुद्ध अनुमान काढू शकतं. सात महिन्यांत फोन किती हात बदलतो, तुम्हीच सांगा. वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा 'त्रिंबक विरुद्ध मध्य प्रदेश' हा जुना निकाल ठेवला. त्यात दागिने उघड्या शेतात सापडले होते, म्हणजे ताबाच सिद्ध नव्हता. पण आमच्या कामाचं वाक्य वेगळं होतं: माल चोरीचा आहे हे आरोपीला ठाऊक होतं, हेही सरकार पक्षाने दाखवायचं असतं. आमच्या खटल्यात एकही साक्षीदार त्यावर बोलला नव्हता.

भाऊ निर्दोष सुटला. आता जुना फोन घेण्याआधी तो *#०६# दाबून आयएमईआय काढतो, 'संचार साथी'वर तपासतो, विकणाऱ्याची सही आणि ओळखपत्राची झेरॉक्स वहीत लावतो. वही मामू सांभाळतात.