अर्धा संवाद



शताब्दीच्या या मंगल प्रसंगी मी अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धातल्या पत्रांविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राचे गाव. सैनिकाच्या पत्राची वाट पाहणे म्हणजे काय, हे येथे कोणास सांगावे लागत नाही.

त्या युद्धातील बहुसंख्य गोरे सैनिक साक्षर होते आणि त्यांच्या पत्रांवर पद्धतशीर लष्करी तपासणी नव्हती. म्हणून ते मन मोकळे करून लिहीत. उत्तरेत साध्या पत्रास तीन सेंट हशील पडे. तिकीट नसल्यास पाकिटावर ‘सैनिकाचे पत्र’ असे लिहून ते धाडता येई व हशील घरचे भरीत. दक्षिणेत कागद दुर्मीळ झाला, तेव्हा वापरलेली पाकिटे उलटी करून पुन्हा चिकटविली जात.

मात्र यातला अर्धाच संवाद प्रामुख्याने आपल्यापर्यंत पोहोचला. सैनिकाचे पत्र घरच्या पेटीत जपले गेले. घरून गेलेले पत्र पावसात भिजले, कूच करताना हरवले, किंवा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून लढाईपूर्वी जाळले गेले. पत्नीचा आणि आईचा शब्द असा लोपला.

आणि ज्यांना अक्षरच नाकारले होते, त्यांचे काय? मिसूरी राज्य उत्तरेच्या बाजूस राहिले, तरी तेथे गुलामगिरी चालू होती. कृष्णवर्णीयांना लिहावाचावयास शिकविणे तेथे १८४७ पासून गुन्हा होता. अशा राज्यातला स्पॉट्सवुड राइस हा गुलाम १८६४ साली सैन्यात भरती झाला. सप्टेंबरमध्ये सेंट लुइसच्या लष्करी रुग्णालयातून त्याने गुलामीत अडकलेल्या आपल्या मुलींना लिहिले, की प्राण गेला तरी बेहत्तर, पण मी तुम्हांला सोडवीन. दुसरे पत्र त्याने मालकिणीला लिहिले. त्यात विनवणी नव्हती, इशारा होता. मालकांच्या घराण्यातील एका गृहस्थाने संतापून दोन्ही पत्रे जनरल रोझक्रान्सकडे पाठविली आणि या माणसास राज्याबाहेर घालवा, अशी मागणी केली. त्या तक्रारीसोबत दप्तरी लागली, म्हणूनच ती पत्रे आज वाचावयास मिळतात! पुढे १९३७ साली त्याची मुलगी मेरी हिने आपल्या आठवणी सांगितल्या. मालकाच्याच मुलाने वडिलांना वाचावयास शिकविले होते, असे त्यांत आहे.

बापाचे पत्र जपले जावे, ते वैऱ्याच्या रागामुळे! इतिहासाने अशा योगायोगावर किती काळ विसंबावे? छापील ग्रंथ आपण शंभर वर्षे सांभाळले. आता घरोघरच्या पेट्यांतील पत्रांसाठीही एक कपाट असावे, आणि त्यात स्त्रियांनी लिहिलेली पत्रे आधी यावीत, एवढीच माझी विनंती आहे.