गर्भपिशवी कुठल्या विषयाची?
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)

मी पीएच.डी.साठी अर्ज केला तेव्हा मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "हा विषय नेमका कुठल्या विभागाचा?" विषय होता ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या.

डॉक्टर म्हणणार, ऑपरेशन गरजेचं होतं का ते तपासा. अर्थशास्त्रवाले उचल मोजणार. पण बीडच्या बाईच्या अंगात हे विभाग वेगळे राहतात का? नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली. खाडा झाला की दंड. फडावर ना संडास, ना पाळीचं कापड वाळवायला आडोसा. अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं, तरी मोळी उचलायचीच. शेवटी खासगी दवाखाना, कॅन्सरची भीती, आणि पिशवी काढून मोकळं! त्या खर्चासाठी पुन्हा उचल. अंडाशयही काढलं असेल तर ऐन तिशीत हाडं ठिसूळ व्हायला लागतात. ते कुणी सांगितलेलंच नसतं.

२०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. दर सहाजणींत एक. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभराचं प्रमाण सुमारे ३ टक्के होतं. मात्र वयं जुळवल्याशिवाय हे आकडे शेजारी ठेवून घोषणा देऊ नका. विरोधक तिथेच पकडतील. म्हणून संख्याशास्त्रही आपल्याला शिकायला हवं, कंटाळवाणं असलं तरी.

आणि दवाखान्यात बसून हे कळत नाही. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं की ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होता. पूर्वी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. डॉक्टरकडे न पोचलेली बाई डॉक्टरच्या वहीत कशी सापडणार?

तुमच्या वस्तीत कुणी फॉर्म घेऊन आली तर तिला जरूर विचारा: प्रश्न कुणी ठरवले? निष्कर्ष आम्हाला मराठीत कधी वाचून दाखवणार?

मलाही फडावर एकीने सुनावलं होतं, "तू लिहून घे गं, पण माझा खाडा कोण भरणार?" माझ्या संमतीपत्रात त्याला रकानाच नव्हता. तेव्हापासून मी मुलाखती पावसाळ्यात घेते, बायका गावी परतल्यावर.