अन्नदान, तलाव आणि जलविद्या
(दुष्काळनिवारण समितीच्या सोलापूर येथील सभेत झालेले भाषण)



समितीच्या चिटणिसांनी आज वर्गणीविषयी दोन शब्द बोलण्याची कामगिरी मजवर सोपविली आहे. मी पेशाने वकील. इंजिनिअरी विद्येचा मला गंध नाही. तरीही आज त्याच विद्येसाठी आपणांपुढे पदर पसरणार आहे. हा अधिकार मला कोठून आला, ते ओघाने सांगेन.

आपल्या जिल्ह्याला दुष्काळ नवा नाही, आणि दातृत्वही नवे नाही. बिदरच्या बादशहाच्या चाकरीत असता मंगळवेढ्याची कोठारे भुकेल्यांस मोकळी करणाऱ्या दामाजीपंतांची कथा येथील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. त्याही पूर्वी, बाराव्या शतकात, शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी लोकांचे हात एकत्र करून ह्या नगरीत तलाव खोदविला. एकाने अन्न दिले, दुसऱ्याने पाणी साठविले. आपल्या सर्व परोपकाराचे हेच दोन मार्ग आजवर राहिले आहेत.

दुसरा मार्ग सरकारनेही चोखाळला. अदिला नदीवरील एकरुखचा तलाव १८७१ साली पुरा झाला. १८७६-७७ च्या घोर दुष्काळात आष्टीच्या तलावावर भुकेल्या माणसांनी मातीच्या पाट्या वाहिल्या. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांनी लक्षावधी कुटुंबांची चूल पेटती ठेवली. १९८० साली भीमेवरील उजनीचे धरण पूर्ण झाले. इतके होऊनही उन्हाळ्यात गावोगाव टँकरची वाट पाहावी लागते, ह्याचे कारण काय?

उजनीचेच उदाहरण घ्या. तिचा एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट. हा आकडा ऐकून छाती फुगते; परंतु त्यांपैकी सुमारे ६४ अब्ज घनफूट हा मृतसाठा होय. म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी नेहमीच्या वापरासाठी नाहीच. उरलेल्यातून सूर्य आपला वाटा नेतो. कोरड्या दख्खनेत उघड्या पाण्याची पातळी वर्षाकाठी दीड-दोन मीटर नुसत्या वाफेने उतरते. मग शेती, शहरे व कारखाने ह्यांची वाटणी. त्यात ऊस हे तहानलेले पीक. ह्या सभेत ऊस लावणारे पुष्कळ आहेत. माझाही थोडा आहे, सबब हा दोष मी दुसऱ्याच्या माथी मारीत नाही. धरण बांधणे हे अर्धे काम. पाणी मोजणे, वाटणे व राखणे हे उरलेले अर्धे. ते करावयास शिकलेली माणसे आपणांपाशी फार थोडी आहेत.

आता माझा अधिकार सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी सामाईक विहिरीच्या पाळीवरून दोन चुलतभावांत दावा लागला. मी एकाचा वकील होतो. सातबाराचे उतारे दाखल झाले, साक्षीदार तपासले, वडिलांच्या वेळची वहिवाट शाबीत केली. आठवड्यातील चार दिवस माझ्या पक्षकारास मिळाले व मी विजयाच्या आनंदात घरी आलो. त्याच उन्हाळ्यात विहीर आटली. भोवताली खोल विंधणविहिरी झाल्या होत्या. ह्या विहिरीत दिवसाकाठी किती पाणी येते, ते कोठल्या थरांतून येते, शेजारच्या उपशाने किती घटते, ह्यांविषयी दाव्याच्या गठ्ठ्यात एक ओळही नव्हती. मी विचारले नाही; प्रतिपक्षानेही विचारले नाही. हुकूमनामा पक्षकाराच्या हाती राहिला आणि विहिरीचा तळ दोघांनाही दिसला. त्या दिवसापासून मला वाटत आले आहे की, जे मोजले नाही त्याची वाटणी न्यायानेही होत नाही.

हे मोजण्याचे शास्त्र आज महाविद्यालयांत शिकविले जाते. स्थापत्याची चार वर्षांची पदवी घेतल्यावर जलसंपत्तीच्या अभियांत्रिकीचा व व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यास असतो. पाऊस व नदीचा प्रवाह ह्यांचे गणित, कालव्यांची रचना, भूजलाचा शोध, पिकांची गरज आणि पाण्याचे अर्थकारण हे त्याचे विषय. आपल्याकडील काळ्या पाषाणात पाणी केवळ भेगांत व मुरमाच्या थरात राहते. तेथे अंदाजाने विहीर पाडणे म्हणजे जुगार. ह्या विद्येने तो जुगार सर्वस्वी संपत नाही, परंतु पैज लावण्यापूर्वी शक्याशक्यता कळते.

ही विद्या दुष्काळाचेच अपत्य आहे, हे दात्यांनी ध्यानी घ्यावे. १८३७-३८ च्या दुष्काळाने आग्रा प्रांत होरपळला, तेव्हा गंगेचा कालवा काढण्याचा विचार बळावला. त्यासाठी जाणती माणसे हवीत म्हणून १८४७ साली रुडकीस विद्यालय निघाले. कालवा वाहू लागला तो १८५४ साली. विद्या पाण्याच्या सात वर्षे आधी आली! त्याच रुडकीस १९५५ साली जलसंपत्तीच्या विकासाचे शिक्षणकेंद्र स्थापन झाले. आपल्या प्रांतातही उदाहरण आहे. विश्वेश्वरय्या १८८३ साली पुण्याच्या विद्यालयातून इंजिनिअर होऊन बाहेर पडले. दख्खनच्या कालव्यांवर पिकांची पाळी ठरवून, उसाचे क्षेत्र मर्यादित ठेवून, तेच पाणी अधिक गावांस पोहोचविण्याची पद्धत त्यांनी सुचविली. नवा थेंब न आणता पाणी वाढविले, ते विद्येने.

कोणी म्हणेल, जनावरे दावणीला उपाशी असता शिष्यवृत्तीची गोष्ट कसली? आक्षेप रास्त आहे. चाऱ्याच्या एका पेंडीसही ह्या कामासाठी हात लागू नये. ह्यासाठी निधी स्वतंत्र असावा. दुसरा म्हणेल, सरकारी विद्यावृत्ती आहेच. ती प्रवेशपरीक्षेत यशस्वी झालेल्या काहींस मिळते. परंतु ज्याच्या घरी दोन वर्षे हंगाम बुडाला, तो होतकरू मुलगा वा मुलगी पदवी हाती पडताच मिळेल ती नोकरी धरते. तिचा हात आपण धरावयाचा आहे. वर्षास निदान दोघांचे शुल्क, निर्वाह व मोजणीच्या साधनांचा खर्च समितीने उचलावा. मोबदल्यात प्रबंधाचा विषय ह्याच जिल्ह्यातील एखादे खोरे असावा, आणि त्याचा सारांश मराठीत छापून गावच्या सभेत वाचला जावा. मी वकील असूनही म्हणतो, ही अट करारनाम्याची नसावी, दिल्या शब्दाची असावी.

सोलापुरात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंदांचे नाव सांगलीच्या व सोलापूरच्या अभियांत्रिकी विद्यालयांवर आहे. व्यापाऱ्याचे धन आणि विद्या ह्यांचे नाते येथे मला नव्याने जोडावयाचे नाही.

गृहस्थहो, दामाजीपंतांचे कोठार एक वर्ष पुरले. सिद्धरामेश्वरांचा तलाव शतके टिकला. तिसरे दान विद्येचे आहे. त्याचे फळ यंदाच्या उन्हाळ्यात दिसणार नाही. पण पुढील दुष्काळात गावाच्या विहिरीपाशी उभे राहून, पाणी किती आहे, किती दिवस पुरेल व कोणी किती घ्यावे, हे सांगणारा एक जाणता माणूस आपल्यामुळे तेथे असेल. आपली नावे व आकडे चिटणिसांच्या वहीत आजच पडावेत, एवढी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.