जुन्या सोनाटांचा जीर्णोद्धार

व्हायोलिनच्या जुन्या सोनाटांना आधुनिक रचनाकारांनीं जें नवें रूप दिलें, त्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

इ. स. १७०० मध्यें रोम येथें आर्कांजेलो कोरेली यानें बारा सोनाटांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यांत सर्वत्र दोनच ओळी दिसतात : वर व्हायोलिनची, खालीं मंद्र स्वरांची. खालच्या ओळीजवळ लहान आंकडे असतात. हार्प्सिकॉर्डवर साथ करणाऱ्यानें ते वाचून मधले स्वरमेळ जागच्या जागीं रचावे, अशी त्या काळची रीत होती. म्हणजे सोनाटाचा बराच भाग कागदावर नसून साथीदाराच्या बोटांत असे.

पुढें ही विद्या मागें पडली आणि हार्प्सिकॉर्डची जागा पियानोनें घेतली. मधल्या रिकाम्या जागेंत आतां काय लिहावें, हा प्रश्न उभा राहिला. इटलीचा ओत्तोरिनो रेस्पीगी (१८७९–१९३६) स्वतः व्हायोलिन वाजवीत असे. त्यानें विवाल्दी, तार्तीनी, लोकातेल्ली, वेराचीनी यांचे सोनाटा व्हायोलिन व पियानो यांसाठीं नव्यानें लिहिले, आणि आंकड्यांनीं सुचविलेल्या स्वरमेळांवर पियानोला शोभेल अशी भरदार साथ रचली. हार्प्सिकॉर्डची तार छेडली कीं तिचा नाद लवकर विरतो. पियानोचा नाद लांबतो आणि जोरानें उठवितां येतो. त्यामुळें साथीनें व्हायोलिन झांकलें जाण्याचें भयही वाढतें.

जीर्णोद्धार करतांना नवा दगड बसवावाच लागतो. पण तो नवा आहे, हें लपवावें काय? विख्यात व्हायोलिनवादक फ्रिट्झ क्राइस्लर यानें पुन्यानी, कूपरँ आदि जुन्या रचनाकारांच्या नांवावर कांहीं चिजा लोकांपुढें मांडल्या. त्या आपल्याच आहेत, असें त्यानें १९३५ सालीं कबूल केलें, तेव्हां टीकाकार अर्नेस्ट न्यूमन यानें त्याला दोष दिला. उलट, लुईजी दाल्लापिक्कोला यानें व्हायोलिन व पियानोसाठीं १९५६ सालीं ‘तार्तीनियाना सेकोंदा’ रचली. तिच्यांतील स्वरपंक्ती तार्तीनीच्या आहेत, पण कर्तृत्वाची जबाबदारी त्यानें उघडपणें आपल्याकडे घेतली.

माझ्या मतें रेस्पीगीचा मधला मार्गही तितकाच निर्मळ आहे : आधीं मूळ कर्त्याचें नांव, शेजारीं आपलें. दोन्ही नांवें समोर असलीं, म्हणजे श्रोत्याला निवाडा करतां येतो. असा सोनाटा ऐकतांना व्हायोलिनइतकेंच पियानोकडेही लक्ष द्यावें; दोन शतकांनंतरच्या माणसानें जुन्या आंकड्यांना दिलेलें उत्तर तेथें ऐकूं येतें.