परदेशाहून परत स्वयंपाकघरात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्यासपीठावर उभे राहण्याचा सराव नाही, तेव्हा ओट्याजवळ उभे राहून बोलावे तसेच बोलते. मॉरिशसहून आल्यापासून जी ती विचारते, "काय काय पाहिलंत?" ते सांगतेच, पण परत आल्यावर काय झाले, तेही आज सांगायचे आहे.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली म्हणून थोरल्याने तिकिटे काढून दिली. मुंबईहून विमानाने सहा-साडेसहा तासांचा प्रवास. बेट लहानसे. भोवती प्रवाळाचा बांध असल्यामुळे मोठी लाट बाहेरच फुटते आणि किनाऱ्याशी पाणी तळ्यासारखे संथ. उसाची शेते पाहून तर कोल्हापूरकडे आल्यासारखे वाटले. पण समुद्रापेक्षाही मला जास्त सुख कशाचे झाले म्हणाल, तर "आज भाजी काय करू?" हा प्रश्न सात दिवस मनात आला नाही, याचे. ताट आयते समोर येई. मीठ कमी असे, पण मी चकार शब्द काढला नाही!

माझ्या उजव्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. दोन वर्षे झाली, रात्री हात झटकत उठून बसावे लागते. तिकडे पाचव्या रात्री मी सलग झोपले. सकाळी यजमानच म्हणाले, "आज हात झटकला नाहीस."

खोली आवरायला एक बाई यायची, माझ्याच वयाची. पहिल्या दिवशी मी चादर सारखी करून ठेवली, तर हसून हिंदीत म्हणाली, "दीदी, हे माझं काम आहे." तिचे पूर्वज रत्नागिरीकडचे. मराठी चार शब्दच येत होते, पण गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, हे अभिमानाने सांगत होती. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट पाहायला तिनेच सुचवले. २ नोव्हेंबर १८३४ पासून आपल्या देशातली माणसे करारावर उसाच्या मळ्यांत कामाला तिथे उतरू लागली. पुढे जवळजवळ पाच लाख गेली, आणि पुष्कळ परतलीच नाहीत. घाटाच्या सोळा पायऱ्या आहेत. तिथे उभी असताना मनात आले, या वाटेने बायका कामाला आल्या आणि मी विसाव्याला आले. त्या बाईला विचारले, "घरी गेल्यावर रांधतं कोण?" म्हणाली, "मीच." आम्ही दोघी हसलो.

मग परतलो. तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. आपला नळ साडेपाचला येतो. म्हणजे अंगाच्या हिशेबाने पहाटेचे चारच वाजलेले. धुण्याचे बोचके, साखरेच्या डब्यात मुंग्या, दळण संपलेले, आणि जावेकडून परतलेल्या सासूबाईंचे पथ्याचे वेगळे जेवण. चौथ्या रात्री हात झटकत उठले.

डॉक्टरांनी सांगितले, मनगटात नस दबते आहे. रात्री पट्टा बांधा, मनगटाला विश्रांती द्या. मी विचारले, "विश्रांतीसाठी मॉरिशसला जायचं, की घरीच चालेल?" ते हसले, पण मी थट्टा करीत नव्हते.

धाकटीने एक आकडा वाचून दाखवला. सरकारने २०२४ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला २८९ मिनिटे जातात आणि पुरुषाची ८८. ते ८८ मिनिटेवाले राहतात कुठे, तेवढे मला कोणी सांगा!

घरी मी बोलले. रागावून नव्हे, पण सर्वांना बसवून. आता कणीक यजमान मळतात. पहिल्या दिवशी इतकी सैल झाली की तिची धिरडी घातली. धुणे पिळणे आणि जड भांडी मुलीकडे. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं बाई असं." मग जरा वेळाने मेथीची जुडी पुढे ओढून निवडायला बसल्या. बुधवारी रात्री खिचडी, तीही यजमानांच्या हातची. त्या वेळी मी गॅलरीत बसते. उठून बघायला जावेसे वाटते, पण जात नाही.

आता मंडळाचे काम. उन्हाळ्यात पापडांची मोठी मागणी येते. यंदा पीठ कुटायला आणि लाटायला मी बसणार नाही. वजन करणे, पुडे बांधणे आणि हिशेबाची वही माझ्याकडे द्यावी. माझ्या जागी पोळपाट घेणारीने आपले नाव कार्यवाहताईंना आजच द्यावे. आणि आणखी कोणाच्या बोटांना मुंग्या येत असतील, तर तिनेही गप्प न राहता त्याच वेळी सांगावे, म्हणजे लाटणाऱ्यांच्या पाळ्या त्या बेताने लावता येतील.