भाडेकरूचं नाव
माझा मावसभाऊ मूळचा आमच्याच रत्नागिरीकडचा, आता लंडनकर. त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा भाड्यानं दिलेला आपला फ्लॅट त्यानं दाखवला, पण रस्त्यावरूनच. आत कोण राहतं, विचारलं. म्हणाला, "नाव ठाऊक नाही, भाई. भाडं कौन्सिल देते."

तिथली कौन्सिल म्हणजे आपली नगरपालिका. लहान मुलं असलेल्या बेघर कुटुंबांच्या निवाऱ्याची जबाबदारी १९७७च्या कायद्यानं तिच्यावर आली. स्वतःची घरं पुरत नाहीत, म्हणून ती खासगी मालकांची घरं काही वर्षांच्या करारानं घेते. घर रिकामं राहिलं तरी भाडं चुकत नाही; मात्र भाडेकरू तीच ठरवते.

गंमत म्हणजे हा फ्लॅट मुळात कौन्सिलनंच बांधलेला! १९८०च्या कायद्यानं जुन्या भाडेकरूंना राहतं घर विकत घेता येऊ लागलं, तेही ३३ ते ५० टक्के सवलतीत. एकानं घेतला, पुढे विकला, भावानं घेतला. आता कौन्सिल त्याच घराचं भाडं भरते. हा हिशेब मला काही पटला नाही.

तरी मी त्या खिडकीकडे बघत राहिलो. मुंबईत मुलीसाठी जागा बघताना भाडं ठरलं, अनामत ठरली. आडनाव सांगितलं आणि जागा 'कालच गेलेली' निघाली. इथं मालकानं नाव विचारायचा प्रश्नच नव्हता.

खिडकीत शाळेचा छोटा स्वेटर वाळत होता.

"करार मार्चमध्ये संपतो. मग विकून टाकीन म्हणतो," भाऊ म्हणाला.

"आणि ही माणसं?"

"कौन्सिल बघेल," म्हणत तो गाडीकडे वळला.