कुऱ्हाड आणि यादी



आपण मला या अधिवेशनाचं अध्यक्षपद दिलंत, मी आपला ऋणी आहे. माझ्यापेक्षा लायक माणसं समोर बसली आहेत, असं प्रत्येक अध्यक्ष म्हणतो. माझ्या बाबतीत ते खरंही असेल. वर्षभरात आपल्यातून गेलेल्या अभ्यासकांना मी आदरांजली वाहतो. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मध्ययुगीन युरोपातील लढायांच्या लेखनाचा आढावा’ असा भारदस्त विषय छापला आहे. आढावा 1314 सालापासून सुरू करतो. तिथून पुढे सरकेन याची हमी देत नाही.

स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या किल्ल्याजवळ, बॅनॉकबर्न नावाच्या ओढ्याकाठी, 23 आणि 24 जूनला स्कॉट राजा रॉबर्ट ब्रूस आणि इंग्लंडचा दुसरा एडवर्ड यांची लढाई झाली. पहिल्या दिवशी हेन्री द बोहून हा इंग्रज सरदार भाला रोखून ब्रूसवर घोडा घालून आला. ब्रूसने घोडा बाजूला काढला आणि कुऱ्हाडीच्या एका घावात त्याचं डोकं फोडलं. हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. दुर्दैवाने एवढंच माहीत आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी या लढाईवर एका मासिकासाठी लेख लिहिला. अर्ध्या लेखात यादी होती: कोणते उमराव पडले, कोणते धरले गेले, कोणाला कशाच्या बदल्यात सोडलं. अंक हातात आला तेव्हा कुऱ्हाड चित्रासकट पानभर होती आणि यादी गायब. विचारायला गेलो तर संपादक म्हणाले, “वकीलसाहेब, यादी कोण वाचतं? तो काय तुमच्या कोर्टातला पंचनामा आहे?”

होय, पंचनामाच आहे. त्यांना तेव्हा द्यायचं राहिलेलं उत्तर आज देतो.

बोहून घराण्यातला हेन्री कुऱ्हाडीने मेला, त्याने इतिहासात तसूभरही फरक पडला नाही. त्याच घराण्याचा प्रमुख हम्फ्री, म्हणजे हेरफर्डचा अर्ल, दुसऱ्या दिवशी पळाला आणि बरोबरच्या सरदारांसह बॉथवेलच्या किल्ल्यात आसऱ्याला गेला. किल्लेदार वॉल्टर फिट्झगिल्बर्ट तोवर इंग्रजांचा नोकर होता. वारा ओळखून त्याने पाहुण्यांना स्कॉटांच्या हवाली केलं. पुढे त्याला जहागिरी मिळाली. हॅमिल्टनचे ड्यूक त्याचेच वंशज. या हेरफर्डच्या बदल्यात ब्रूसने 1306 पासून इंग्रजांच्या कैदेत असलेली आपली माणसं सोडवली: राणी एलिझाबेथ, मुलगी मॅर्जरी, बहीण ख्रिस्तीना, ग्लासगोचा बिशप विशर्ट आणि भाचा डोनाल्ड. (भाच्याला इंग्रज दरबाराची इतकी सवय झाली होती की तो अर्ध्या वाटेवरून परत गेला. असे भाचे सगळ्या देशांत असतात.) मॅर्जरीचं लग्न वॉल्टर स्ट्यूअर्टशी झालं आणि 1316 मध्ये तिला मुलगा झाला. स्ट्यूअर्ट राजघराणं इथून सुरू होतं. 1603 मध्ये इंग्लंडच्या गादीवर बसलेला पहिला जेम्स याच वंशातला. आता सांगा, छापायचं काय होतं?

मृतांची यादी तर त्याहून सुरस आहे. तिच्यात पहिलं नाव ग्लॉस्टरचा अर्ल गिल्बर्ट द क्लेअर याचं. वय तेवीस, आणि इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत उमरावांपैकी एक. आघाडी कोणी सांभाळायची यावरून त्याचं हेरफर्डशी वाजलं होतं. सैन्याला एक दिवस विश्रांती द्या, असं तो म्हणाला, तर राजाने त्याच्या निष्ठेवरच बोट ठेवलं. मग तो चिडून भालाइतांच्या दाट फळीवर तुटून पडला आणि मारला गेला. म्हणतात की, आपली निशाणी असलेला अंगरखा त्याने घातलाच नव्हता. घातला असता तर स्कॉटांनी त्याला जिवंत धरला असता, कारण जिवंत अर्लची खंडणी केवढी आली असती! तो ब्रूसचा साडू होता. दोघांच्या बायका अल्स्टरच्या अर्लच्या मुली. ब्रूसने त्याचं प्रेत खंडणी न घेता सन्मानाने परत पाठवलं.

आपल्याकडे परिसंवाद होतात ते त्या दिवशी इंग्रज किती मेले यावर. एक विद्वान एक आकडा सांगतात, दुसरे त्याच्या निम्मा, आणि चहाची वेळ होते. मी जन्मभर जिल्हा न्यायालयात वाटणीचे दावे चालवले, म्हणून सांगतो, किती मेले यावर काही अवलंबून नसतं. कोण मेलं आणि मागे वारस कोण, यावर सगळं असतं. एका बागायतदाराच्या तेराव्याच्या आधी त्याच्या बहिणींचे नवरे सातबाऱ्याचे उतारे घेऊन माझ्या ऑफिसात बसले होते. विधवा म्हणत होती मला दिवस गेलेत, आणि त्यातला एकजण कॅलेंडर काढून महिने मोजत होता. त्या दाव्यात पक्षकारांचे वकील म्हातारे झाले.

ग्लॉस्टरचं हेच झालं. तो निपुत्रिक गेला. विधवा मॉड आपण गरोदर आहोत असं सांगत राहिली आणि सरकार वाट पाहत राहिलं. अखेर 1317 मध्ये इस्टेट तीन बहिणींत वाटली गेली. थोरलीचा नवरा ह्यू डिस्पेन्सर. त्याला आपला तिसरा हिस्सा पुरेना, वेल्समधली मेव्हण्यांची जमीनही हवी होती. त्यातून 1321 मध्ये उमरावांनी शस्त्रं उपसली. मॅर्जरीच्या बदल्यात सुटून आलेला आपला हेरफर्ड 1322 मध्ये बरोब्रिजच्या पुलावर मारला गेला. डिस्पेन्सरला 1326 मध्ये हालहाल करून मारलं आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या एडवर्डची गादी गेली. हा सगळा उलगडा यादीत आहे, कुऱ्हाडीत नाही.

आता कोणीतरी पानिपत काढेल. काढू नका, तिथल्या यादीवरही मला हेच म्हणायचं आहे आणि वेळ नाही.

सभागृहातल्या कवींसाठी एक नाव मात्र सांगतो. रॉबर्ट बॅस्टन हा कार्मेलाइट साधू. विजयाचं काव्य रचायला एडवर्डने त्याला बरोबर आणलं होतं. स्कॉटांनी त्याला पकडलं आणि सुटकेची किंमत म्हणून स्कॉटांच्या विजयावर काव्य करून घेतलं. त्याने ते केलं. त्याच लढाईत पहिल्या दिवशी धरला गेलेला सर टॉमस ग्रे पुढे सुटला. त्याचा त्याच नावाचा मुलगा 1355 मध्ये स्कॉटांच्या हाती लागला आणि एडिंबराच्या किल्ल्यात कैदी असताना त्याने इतिहासग्रंथ लिहायला घेतला. कैद्यांच्या यादीची किंमत त्याला कोणी समजावून सांगावी लागली नसेल.

परिषदेपुढची कामं थोडक्यात सांगतो. मध्ययुगीन लढायांतल्या मृतांचा आणि कैद्यांचा एक कोश मराठीत व्हायला हवा. तो कोणी करायचा आणि पैसा कुठून आणायचा, हे कार्यकारिणी ठरवील. तरुणांनी पुढे यावं. मी प्रस्तावना लिहीन.

दुसरं काम आजच करता येण्यासारखं आहे. लढाईवरच्या ज्या निबंधाला पडलेल्यांची, धरलेल्यांची आणि त्यांच्या वारसांची यादी जोडलेली नसेल, तो पुढच्या अधिवेशनात वाचायला घेऊ नये, अशी लेखी सूचना मी सरचिटणिसांकडे देत आहे. ती संध्याकाळच्या खुल्या अधिवेशनात मताला टाकावी.